त्याग कोणाच्या खात्यातून?

दिल्लीतील आमच्या रविवारच्या स्वाध्यायात गेल्या महिन्यात ‘वैराग्य’ हा विषय होता. प्रवचनाच्या मराठी अनुवादाची पाने मीच वाटली होती, त्यामुळे शंका विचारताना सगळे माझ्याकडेच पाहत होते. शेवटच्या रांगेतील एका काकूंनी विचारले, “बाळा, तू लिहिलंयस की त्यागी माणूस सगळं सोडतो. पण तो जे सोडतो, ते सगळं त्याचं एकट्याचंच असतं का?”

काकूंची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की पूर्णवेळ सेवेसाठी घर सोडायचे तिने ठरवले आहे. काकू तिला अडवत नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “जा असंच म्हणेन मी. पण माझं काय होईल, हे तिनं एकदा तरी विचारावं ना!”

मला उत्तर सुचले नाही. ‘भगवंत सर्वांची काळजी घेतो’ असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. घरी परतताना मेट्रोत बसल्यावर जाणवले की ते उत्तर मला स्वतःलाच पटलेले नव्हते. भगवंत काळजी घेतो हे खरे, पण म्हणून आपण आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलून मोकळे व्हावे का? त्या दिवसापासून हा प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो आपल्यासमोर मांडावा आणि मला जे उमगले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

दिल्लीतल्या एका भिक्षुणीची कथा

या प्रश्नाचा विचार करताना मला फ्रेडा बेदी आठवल्या. अभिनेते कबीर बेदी यांच्या आई म्हणून काही वाचकांना त्यांचे नाव ठाऊक असेल. पण त्यांची खरी ओळख त्याहून फार मोठी आहे.

फ्रेडा यांचा जन्म 1911 साली इंग्लंडमधील डर्बी या गावी झाला. वडील घड्याळांचा व्यवसाय करीत. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले, तेव्हा फ्रेडा अवघ्या सात वर्षांच्या होत्या. पुढे ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना बाबा प्यारेलाल बेदी या पंजाबी तरुणाशी त्यांची ओळख झाली. बेदींचे घराणे गुरू नानकदेवांच्या वंशातले मानले जाई. 1933 मध्ये दोघांनी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. लाहोरच्या बाहेर साध्या झोपड्यांमध्ये त्यांनी संसार मांडला. फ्रेडा सलवार-कमीज घालू लागल्या, महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या, स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहात भाग घेऊन 1941 मध्ये त्या तुरुंगात गेल्या. इंग्रज बाईने इंग्रज सरकारविरुद्ध सत्याग्रह केला, याचे तेव्हा लोकांना केवढे अप्रूप वाटले असेल!

फाळणीनंतर काही वर्षे काश्मीरमध्ये काढून हे कुटुंब दिल्लीत आले. 1950 च्या दशकात कामानिमित्त ब्रह्मदेशात गेल्या असताना फ्रेडा विपश्यना शिकल्या आणि त्यांच्या जीवनाला वेगळे वळण मिळाले. 1959 मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी निर्वासित भारतात आले. आसामातील मिसामारीच्या छावणीत फ्रेडा मदतकार्यासाठी गेल्या. उष्णतेची सवय नसलेले, आजारांनी खंगलेले ते लोक पाहून त्या पूर्णपणे या कामाच्या झाल्या. तरुण लामांना आधुनिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी दिल्लीत एक निवासी शाळा सुरू केली, ती पुढे डलहौसीला हलवली. ज्यांनी नंतर जगभर तिबेटी बौद्ध धर्म पोहोचवला, त्यांपैकी चोग्याम त्रुंग्पा आणि लामा झोपा यांचा या शाळेशी संबंध होता. निर्वासित भिक्षुणींचे हाल तर आणखीच होते. त्यांना ना शिक्षण, ना डोक्यावर छप्पर. त्यांच्यासाठी फ्रेडा यांनी हिमाचलातील कांगडा भागात तिलोकपूर येथे मठ उभा केला. सगळे तिबेटी त्यांना ‘मम्मी-ला’ म्हणत. ‘ला’ हा तिबेटीत आदराने लावायचा प्रत्यय, आपल्या ‘जी’सारखा.

1966 मध्ये सिक्कीममधील रुमटेक येथे सोळाव्या करमापांकडून त्यांनी प्रव्रज्या घेतली. केस उतरवले, भगवी-तांबडी वस्त्रे धारण केली. करमा केचोग पाल्मो हे त्यांचे नवे नाव. तिबेटी परंपरेत स्त्रियांना संपूर्ण भिक्षुणी-दीक्षा मिळत नव्हती, म्हणून 1972 मध्ये हाँगकाँगला जाऊन चिनी परंपरेतून त्यांनी ती घेतली. 26 मार्च 1977 रोजी दिल्लीतच त्यांचा देहान्त झाला.

इथपर्यंतची कथा कोणत्याही संतचरित्रात शोभेल अशी आहे. आपण अनुवाद करणारे बहुधा इथेच थांबतो, शेवटी नमस्काराची खूण टाकतो. पण काकूंचा प्रश्न घेऊन मी ही कथा पुन्हा वाचली, तेव्हा एक वेगळेच पान उघडले.

‘मम्मी’ हा शब्द कोणाचा?

1966 मध्ये फ्रेडा यांचा थोरला मुलगा रंगा तिशी ओलांडलेला होता. कबीर वीस वर्षांचा होता. धाकटी मुलगी गुलहिमा 1949 ची, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची. आईने संन्यास घेतला हे धाकट्या दोघांना सहज झेपले नाही. तो काळ आपल्यासाठी कठीण होता, हे कबीर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आईबद्दल त्यांचे प्रेम आणि आदर कायम राहिला, पण तेव्हाची दुखापत त्यांनी नाकारली नाही.

जरा विचार करा. शेकडो तिबेटी मुले ज्यांना ‘मम्मी-ला’ म्हणत, त्यांना ‘मम्मी’ म्हणण्याचा पहिला हक्क ज्या तिघांचा, त्यांपैकी काहींना नेमके त्याच वेळी वाटत होते की आपली मम्मी आता आपली राहिली नाही.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. पहिल्या वर्षी आम्हाला पहिला धडा शिकवतात तो दुहेरी नोंदीचा. एका खात्यात जमा झाले, तर कुठल्यातरी दुसऱ्या खात्यात नावे पडलेच पाहिजे. एकच बाजू असलेला व्यवहार नसतोच. संतांच्या, सेवकांच्या त्यागाबद्दल आपण लिहितो तेव्हा जमेची बाजू ठळक लिहितो: इतके आश्रम, इतके शिष्य, इतक्यांचे कल्याण. नावे कोणाच्या पडले, तो रकाना मात्र कोरा ठेवतो. काकूंचा प्रश्न त्या कोऱ्या रकान्याबद्दल होता.

इथे आपण स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. 1941 मध्ये फ्रेडा तुरुंगात गेल्या तेव्हाही घरी लहान मुलगा होता. तेव्हा कोणी म्हटले नाही की या बाईने मुलाला टाकले. आपण त्याला देशभक्ती म्हणतो. शिवाय ‘मुलांचे काय?’ हा प्रश्न आपण स्त्रीला जितक्या चटकन विचारतो, तितक्या चटकन पुरुषाला विचारत नाही. सिद्धार्थ गौतम रात्री निघाले, समर्थ रामदास लग्नाच्या बोहल्यावरून निघाले, त्या कथा आपण कौतुकाने सांगतो. म्हणून हा प्रश्न विचारायचाच असेल तर सर्वांना सारखाच विचारू या. नाहीतर तो प्रश्न राहत नाही, नुसता टोमणा होतो.

आळंदीची कथा आपण पुन्हा वाचू या

मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. आपेगावचे विठ्ठलपंत विरक्त वृत्तीचे होते. परंपरेतील कथा सांगते की पत्नी रुक्मिणीबाईंची मनापासून संमती न मिळवताच ते काशीला गेले आणि आपण विवाहित आहोत हे लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेला निघाले असता आळंदीत रुक्मिणीबाई त्यांच्या पाया पडल्या. गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग सगळा प्रकार उघड झाला. गुरू काशीला परतले आणि त्यांनी विठ्ठलपंतांना गृहस्थाश्रमात परत जाण्याची आज्ञा केली.

या कथेत मला सर्वांत मोठे वाटतात ते हे गुरू. दीक्षा दिलेला शिष्य परत पाठवणे कोणत्याही गुरूला सोपे नसते. त्यात स्वतःची चूकही कबूल करावी लागते. पण एका स्त्रीला न विचारता घेतलेला संन्यास त्यांनी संन्यासच मानला नाही. आळंदीत एकटी राहिलेली ती स्त्री त्यांच्या लेखी शिष्याच्या साधनेतला अडथळा नव्हती, तिचे शिष्याकडे देणे होते.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. विठ्ठलपंत परतले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई अशी चार मुले झाली. समाजाने ‘संन्याशाची पोरे’ म्हणून त्यांना वाळीत टाकले. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि चारही लेकरे पोरकी झाली. यातला क्रूरपणा समाजाचा होता, चूक सुधारणाऱ्यालाच त्याने शिक्षा केली. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पहिले पाऊल खरे बोलून टाकले गेले असते, तर हे ओझे त्या कोवळ्या खांद्यांवर कदाचित पडले नसते. त्या दुःखातूनही ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली, हा त्यांचा मोठेपणा. मुलांच्या मोठेपणाने वडिलांची नोंद पुसली जात नाही.

राजाच्या दुःखातून झालेला नियम

बुद्धचरित्रातही असाच एक प्रसंग आहे. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत कपिलवस्तूला आले, तेव्हा यशोधरेने छोट्या राहुलला वडिलांकडे वारसा मागायला पाठवले. बुद्धांनी त्याला श्रामणेर करून घेतले. आजोबा शुद्धोदन यांना हे कळले तेव्हा त्यांचे काळीज फाटले. आधी मुलगा गेला, मग दुसरा मुलगा नंद गेला, आता नातूही गेला. त्यांनी बुद्धांकडे जाऊन विनंती केली की यापुढे आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ती मान्य केली आणि संघाचा तसा नियमच झाला.

माझ्या मते ही फार मोठी घटना आहे. ज्यांना जगाचे दुःख कळले होते, त्यांनीही एका म्हाताऱ्या बापाचे दुःख ऐकून नियम केला. मोह म्हणून ते दुःख त्यांनी झटकून टाकले नाही. राहुल संघातच राहिला आणि मोठा साधक झाला. पण मागे राहिलेल्याचे म्हणणे नोंदवले गेले, आणि पुढच्या प्रत्येक आईबापाला त्या नियमाचे संरक्षण मिळाले.

आपल्या आजच्या कायद्यातही हा विचार आहे. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 13 नुसार पती किंवा पत्नीने संसाराचा त्याग करून संन्यास घेतला, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे विचित्र वाटले होते. आता त्यातला न्याय दिसतो. जाणाऱ्याला जाण्याचे स्वातंत्र्य असेल, तर मागच्याचेही आयुष्य त्याच्या वाटेकडे डोळे लावून अडकून राहू नये.

कामाकुराचे एक दार

आता याच काळातील एक दूरची कथा. ज्ञानदेव आळंदीत लहानाचे मोठे होत होते, त्याच वर्षांत जपानमध्ये काकुसान शिदो ही थोर घराण्यातली स्त्री भिक्षुणी झाली. तिचा जन्म 1252 चा. आदाची या बलाढ्य सरदार घराण्याची ही लेक, होजो तोकिमुने याची पत्नी. कामाकुराच्या सत्तेची सूत्रे तोकिमुनेच्या हाती होती. 1274 आणि 1281 या दोन वर्षी मंगोलांच्या आरमाराने जपानवर स्वारी केली, तेव्हा देशाचे नेतृत्व त्यानेच केले. या युद्धात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांच्या शांतीसाठी त्याने 1282 मध्ये कामाकुरा येथे एंगाकु-जी हे झेन मंदिर उभारले. शत्रूच्या मृतांसाठीही प्रार्थना व्हावी, ही त्यामागची भावना.

1284 मध्ये तोकिमुने तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच वारला. मृत्यूच्या उंबरठ्यावर त्याने झेन गुरू मुगाकु सोगेन यांच्याकडून दीक्षा घेतली आणि पत्नीनेही त्यांच्याच हातून मुंडन करवून घेतले. पुढच्याच वर्षी, 1285 मध्ये, तिने तोकेइ-जी हे भिक्षुणींचे मंदिर स्थापन केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तेच्या झगड्यात तिच्या माहेरच्या आदाची घराण्याची कत्तल झाली. पती गेला, माहेर गेले. ती मात्र त्या मंदिरात राहिली.

त्या काळी तशा घराण्यातील विधवेने केस उतरवणे ही रूढच होती. आपल्याकडे विधवांच्या वाट्याला आलेले केशवपन आठवले की यात नवल वाटत नाही. नवल पुढे आहे. तोकेइ-जी हे नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान झाले. ही प्रथा काकुसाननेच मुलाच्या, म्हणजे सत्तेवर आलेल्या सादातोकीच्या, संमतीने सुरू केली असे परंपरा मानते. जपानमध्ये पुढे काडीमोडाचे पत्र लिहिण्याचा अधिकार फक्त नवऱ्याला होता. ते पत्र साडेतीन ओळींचे असे, आणि तेवढ्याने लग्न संपे. बायकोला मात्र तसे काही लिहिता येत नसे. तिच्यासाठी तोकेइ-जीचे दार होते. ते ओलांडले की नवऱ्याला तिच्यावर हात टाकता येत नसे. पाठलाग होत असेल, तर पायातली चप्पल किंवा डोक्यातला आकडा दाराच्या आत भिरकावला तरी ती आत आली असे धरत, अशी आख्यायिका आहे. मग मंदिराचे अधिकारी दोन्ही घरांना बोलावून समेटाचा प्रयत्न करीत. तो फसला तर स्त्रीने तीन वर्षे, पुढे दोन वर्षे, मंदिरात सेवा करायची. मुदत पुरी झाली की ती मोकळी. 1870 च्या दशकात नव्या सरकारने मंदिराचा हा अधिकार काढून घेतला आणि 1873 मध्ये स्त्रीला न्यायालयात घटस्फोट मागण्याची वाट दिली. एका भिक्षुणीने उघडलेले दार सहाशे वर्षांनी देशाच्या कायद्यात आले, असेच म्हणायला हवे.

ही कथा मी दोन कारणांसाठी सांगितली. पहिले म्हणजे, खरा त्याग घराबाहेर पडून दार लावून घेत नाही, तो दुसऱ्या कोणासाठी तरी दार उघडतो. फ्रेडा यांच्या तिलोकपूरच्या मठात हेच दिसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तोकेइ-जीमध्ये दोन्ही घरांना बोलावून बसवत. निघून आलेल्या स्त्रीचे ऐकत आणि मागे राहिलेल्या माणसालाही म्हणणे मांडू देत. ‘आम्ही पवित्र कार्य करतो, आम्हाला कोणाला विचारायची गरज नाही’ असे त्या मंदिराने म्हटले नाही.

एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फ्रेडा यांच्यामुळे शेकडो निर्वासितांचे जीवन घडले. मग दोन मुलांचे काही वर्षांचे दुःख त्यापुढे काय, असे कोणी म्हणेल. बेरीज-वजाबाकी केली तर जमेचीच बाजू जड आहे.

मला हा हिशोब चुकीचा वाटतो. मी रमेशकडून शंभर रुपये उसने घेतले आणि सुरेशला दोनशे दान केले, तर रमेशचे देणे फिटत नाही. सुरेशला दिलेल्याचे पुण्य लागेल ते लागेल, पण रमेशच्या खात्यात माझ्या नावावर शंभर तसेच राहतात. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी ऋणे वेगवेगळी सांगितली, एकच मोठे ऋण म्हणून गाठोडे बांधले नाही, त्यामागे हाच विवेक असावा. देवाचे ऋण फेडले म्हणून आईबापांचे आपोआप फिटत नाही. जगाची आई झाले म्हणून गुलहिमाची आई असणे संपत नाही.

मग संन्यास घेऊच नये का? पूर्णवेळ सेवेला जाऊच नये का? असे मी म्हणत नाही. कोणावरच कसले देणे नाही असा माणूस जगात सापडणार नाही. तशी अट घातली तर बुद्धही घराबाहेर पडले नसते आणि आज कोणाच्याच हातून मोठे कार्य घडणार नाही. शिवाय घरी राहणाऱ्यांची देणी फिटलेली असतात असेही नाही. तीस वर्षे एकाच छपराखाली राहून एकमेकांशी न बोलणारी माणसे आपण पाहतोच.

ताळेबंद जुळतो तेव्हा देणी संपलेली नसतात. देणी खरी खरी लिहिलेली असतात, म्हणूनच तो जुळतो. देणे लपवणारा हिशोबनीस खोटा ठरतो, देणे लिहिणारा खोटा ठरत नाही. त्यागाचेही तसेच आहे. जाणाऱ्याने मागच्यांचे दुःख आपल्या नावावर लिहून घ्यावे. ‘तो तुमचा मोह आहे, तुम्ही अजून तयार झाला नाहीत’ असे म्हणून ते त्यांच्याच नावावर टाकू नये. माझ्या पाहण्यात साधकांकडून होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे. जाऊन आपण एक दुखापत करतो, आणि वर उपदेश करून दुसरी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपले नेमून दिलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. कष्ट नकोत, त्रास नको म्हणून टाकणे हा राजस त्याग. कर्तव्य करीत राहून आसक्ती आणि फळाची आशा सोडणे हा सात्त्विक त्याग. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसू शकतात. अभ्यासाचा, नोकरीचा, लग्नाच्या बोलणीचा कंटाळा आला म्हणून आश्रमात जाणाऱ्याच्या अंगावरही तीच वस्त्रे असतात. फरक आतला असतो आणि तो ज्याचा त्यालाच कळतो. पण एक खूण बाहेरूनही दिसते. सात्त्विक त्याग करणाऱ्याला मागे वळून बोलायची भीती वाटत नाही. राजस आणि तामस त्याग करणारा न बोलता, किंवा फक्त चिठ्ठी ठेवून जातो.

फ्रेडा यांनी दीक्षेनंतर मुलांशी संबंध तोडले नाहीत. त्या मुलांच्या जीवनात राहिल्या, दिल्लीत येत-जात राहिल्या. कबीर यांनी आईच्या आठवणी प्रेमाने सांगितल्या आहेत. देणे पूर्ण फिटले की नाही हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये. खाते मात्र त्यांनी बंद केले नाही.

घरी परत आल्यावर

आता थोडे स्वतःबद्दल सांगते, कारण न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. काकूंना उत्तर देताना मी गडबडले, त्याला कारण होते. एका वर्षाच्या सेवेसाठीचा अर्ज भरून मी दोन महिने टेबलाच्या खणात ठेवला होता. आईला दाखवला नव्हता. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत आणि माझी नोकरी लागेल या हिशोबावर घरात काही बेत आखलेले आहेत, हे मला माहीत होते. म्हणूनच दाखवला नव्हता. मनात मी त्याला ‘आईला उगाच ताण नको’ असे गोंडस नाव दिले होते.

त्या रात्री अर्ज आईपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला आणि काही न बोलता भाकऱ्या करायला गेली. दोन दिवस विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “वर्षच ना? आणि बाबांचं तू बोलणार आहेस का मी बोलू?” मी म्हटले, मीच बोलेन. अजून सगळे ठरलेले नाही. कदाचित एक वर्ष उशिरा जाईन, कदाचित सहा महिनेच जाईन. पण अर्ज आता खणात नाही, देवघराशेजारच्या फळीवर सर्वांना दिसेल असा आहे. खरे सांगते, त्या दिवसापासून ध्यानाला बसल्यावर मन पूर्वीपेक्षा निवांत असते.

पुढच्या रविवारी काकूंना भेटून मी सांगितले, “त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं. जाणारा सोडतो ते सगळं त्याचं नसतं. त्यात तुमचंही असतं, म्हणून त्यानं तुम्हाला विचारायला हवं.” काकू हसल्या. म्हणाल्या, “एवढंच हवं होतं गं मला. आता तिलाही सांग.”

आपल्यापैकी जे सेवेच्या, साधनेच्या वाटेवर पुढचे पाऊल टाकायच्या विचारात आहेत, त्यांनी ते टाकण्यापूर्वी शांत बसून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत:

1. मी जे सोडतो आहे, त्यात आणखी कोणाचा वाटा आहे, आणि त्यांच्याशी मी समोरासमोर बोललो आहे का?

2. मी कशाकडे तरी ओढीने जातो आहे, की कशापासून तरी पळतो आहे?

3. माझ्या जाण्याने ज्यांना दुखेल, त्यांचे दुःख मी माझ्या नावावर लिहून घेणार आहे, की त्यांचा मोह म्हणून त्यांच्याच माथी मारणार आहे?

आणि ज्यांच्या घरातून कोणी असे जायला निघाले आहे, त्यांना एकच विनंती. आपले दुःख दडपू नका, पण ते दाराला कुलूप म्हणूनही वापरू नका. शुद्धोदनांनी आपले दुःख सांगितले आणि जगाला एक चांगला नियम मिळाला. काकूंनी प्रश्न विचारला आणि माझ्यासारख्या एका मुलीला आपल्या आईशी बोलायचे धैर्य मिळाले.

ते धैर्य आपणा सर्वांना लाभो, हीच गुरुचरणी प्रार्थना.